वर्गाला ठाऊक होतं ते

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. थोरला भाऊ नोकरीसाठी लांब गेला आणि तिकडचाच होऊन बसला. मग घरात मूल म्हणून ती एकटीच उरली, पण नाव धाकटीच राहिलं. वडील पेंटर होते. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. अक्षर वळणदार आणि जीभ तिखट. धाकटी डॉक्टर झाली, पुढे मेडिसिनमध्ये एमडी झाली, तेव्हा त्यांनी बाजारात ज्याला त्याला सांगून टाकलं, "आता ही हृदयाची डॉक्टर होणार."

ती झाली नाही. हृदयरोगाच्या प्रवेश परीक्षेत दर वेळी थोडक्यात हुकायचं. बरोबरीचे पुढे गेले, काहींनी स्वतःची हॉस्पिटलं काढली, आणि ही दरवर्षी तीच पुस्तकं नव्याने वाचत बसली. शेवटी मेडिकल कॉलेजात लेक्चररची जागा निघाली आणि तिने अर्ज केला. शिकवायची हौस म्हणून नव्हे, बुडत्याला काडीचा आधार म्हणून. नेमणूकही पक्की नव्हती. वर्षाअखेरीला विभागप्रमुखांनी बरं लिहिलं तर पुढे, नाहीतर हातात नारळ.

पहिल्या लेक्चरची तयारी तिने जीव तोडून केली होती. विषय होता अंगावरची सूज. एकेका स्लाइडवर मुंगीला पाय ठेवायला जागा नाही इतका मजकूर. वर्गात शिरल्यावर तिने समोरची ती सगळी तोंडं बघितली. ती पडद्याकडे वळली आणि वाचायला लागली. मागचं दार दर थोड्या वेळाने करकरायचं. ते का करकरतंय हे तिला कळत होतं, पण वळून बघायचा धीर होत नव्हता. शेवटी वळली तेव्हा पुढचे दोन बाक भरलेले, मध्ये एकजण हातावर डोकं ठेवून झोपलेला, आणि भिंतीशी एक टोळकं.

"मॅडम, हे सगळं पुस्तकात आहे ना?" टोळक्यातल्या कुणीतरी विचारलं.

"आहे."

"मग आम्ही घरी वाचतो. तुम्ही कशाला त्रास घेता?"

वर्ग हसला. ती पण कसनुशी हसली. आठवड्याभरात तिचं नाव पडलं, स्लाइडताई.

घरी वडील आरामखुर्चीत बसलेले असायचे. "काय मास्तरीणबाई, किती छड्या मोडल्या आज?" ते विचारायचे. ती म्हणायची, "छान चाललंय, बाबा," आणि आत जाऊन पालथी पडायची.

वॉर्डातली गत आणखी वाईट. मेडिसिनचं खरं शिक्षण पेशंटच्या खाटेशी होतं. पेशंटला विनंती करायची, मुलांना भोवती उभं करायचं, नाडी, छाती, पोट कसं तपासायचं ते दाखवायचं. धाकटी विनंती अशी करायची की समोरच्याने नाहीच म्हणावं. एक बाई तर तिच्यावर खेकसली, "सकाळपासून तिसरी टोळी आहे ही. मी काय बाजारातली भाजी आहे, येईल त्याने दाबून बघायला?" मुलांना हसू आवरेना. धाकटीने त्यांना लवकर सोडून दिलं.

विभागप्रमुखांना सगळे हेडसर म्हणत. माणूस सज्जन, पण बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय, त्यामुळे ते रागावलेत की झोपलेत हे कळायचं नाही. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"वर्ग रिकामा राहतो असं कानावर येतंय."

"प्रयत्न करतेय, सर."

"करताय, दिसतंय मला. पण वर्षाअखेरीला मी काय लिहायचं, सांगा."

ही नोकरी गेली तर पुढे काय, हे तिला खरंच माहीत नव्हतं. हृदयाची डॉक्टर झाली नाही, मास्तरीणही होईना. ना घर का ना घाट का, अशी गत. हॉस्पिटलच्या जिन्यात, कुणी येत नाही अशा वळणावर, ती कितीतरी वेळा नुसती बसून राहायची.

तेवढ्यात वडिलांचं दुखणं निघालं.

त्याआधी कितीतरी महिने त्यांना धाप लागत होती. जिना चढताना मध्येच थांबून ते भिंतीवरची एखादी पाटी बघितल्यासारखं करायचे. उशा एकाच्या दोन, दोनाच्या तीन झाल्या. घरात एमडी डॉक्टर, पण तिने कधी त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एकदा जेवताना आई म्हणाली, "ह्यांचं बघितलंस का? लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी माझ्या बोलण्याला मान डोलावली नाही. आता बसल्या बसल्या हो-हो चाललेलं असतं."

वडील म्हणाले, "म्हातारपणी शहाणपण आलं गं."

धाकटी हसली. हसता हसता तिने बघितलं आणि तिचा घास हातातच राहिला. वडिलांची मान खरंच हलत होती. बारीक, एका लयीत, थांबतच नव्हती. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा उडत होत्या. ती उठली, खरकट्या हातानेच तिने त्यांचं मनगट धरलं आणि हात वर उचलला. नाडी तळव्यावर आपटली आणि लगेच विरून गेली. पुन्हा आपटली.

"काय गं, मारतेस का काय?" वडील म्हणाले.

हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या तोंडाशी एक झडप असते. ती नीट मिटत नसली की बाहेर पडलेलं रक्त मागे येतं, आणि हृदय तेच रक्त पुन्हा पुन्हा ढकलून थकतं. प्रत्येक ठोक्याचा हिसका इतका जोराचा असतो की माणसाची मानसुद्धा हलते. सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. करणारा तिचाच वर्गमित्र, जिथे तिला प्रवेश मिळाला नाही तिथूनच शिकून आलेला. त्याने पडदा तिच्याकडे वळवला. हृदय फुगून पातळ झालं होतं. मूत्रपिंडंही थकली होती. सर्जननी कागद बघूनच मान हलवली. आता टेबलावर घेतलं तर उठणार नाहीत.

"घरच्यांना नीट कल्पना दे," मित्र म्हणाला.

"घरची म्हणजे मीच की रे."

घरी तिने सांगितलं, झडप जरा सैल झालीय, हॉस्पिटलात ठेवून अंगातलं पाणी उतरवू, मग पुढचं बघू. आई म्हणाली, "तू आहेस म्हणून काळजी नाही."

वडील तिच्याच विभागाच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर आले. दुसऱ्या दिवशी हेडसर राउंडला आले, त्यांनी नाडी धरली, आणि त्यांचे डोळे चक्क उघडले. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "इतक्या ठळक खुणा मी कितीतरी वर्षांत बघितल्या नाहीत. मुलांना दाखवायला हवी ही केस."

"सर, माझे वडील आहेत ते."

हेडसर थबकले. "माहीत आहे. माफ करा. पण विचारून बघा. नाही म्हणाले तर विषय संपला."

ते नाही म्हणतील अशीच तिची आशा होती. तिखट जिभेचा माणूस. पण वडील उठून बसले. "म्हणजे तुझा वर्ग माझ्याभोवती भरणार? आण की! इथे पडून छत बघून जीव विटलाय. रंगसुद्धा धड लावलेला नाही मेल्यांनी."

तो तिचा पहिला खरा वर्ग. खाटेभोवती मुलं, पाठ करायला पडदा नाही, वाचायला अक्षर नाही. तिने वडिलांचा हात हातात घेतला. "आधी तळवे चोळून गरम करा," ती म्हणाली, "यांना गार हात आवडत नाहीत." मग एकेकाला नाडी धरायला लावली. हात वर करताना मुलांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटायचं, आणि ते बघून पुढचं वाक्य तिला आपोआप सुचायचं. नखाचं टोक हलकेच दाबलं की गुलाबी रंग ठोक्यागणिक येतो-जातो, हे दाखवलं. वडिलांना पुढे वाकवून, श्वास सोडून धरायला लावून, छातीत परत फिरणाऱ्या रक्ताचा तो बारीक फुंकरीसारखा आवाज ऐकवला. मागची मुलं टाचा उंचावून बघत होती. आपण बोलतोय आणि ही ऐकतायत, हे लक्षात आलं तेव्हा तिला भीतीच वाटली.

वडील खूश. "अरे, चाचपतोस काय, नीट धर! काच नाही मी फुटायला." पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होयबा आजोबा, आणि तेही त्यांना आवडलं. दुसऱ्या तुकड्या येऊ लागल्या. टोळक्यातला तो, घरी वाचतो म्हणणारा, रोज पहिला हजर. त्याला वर्गात पोपट म्हणत, कारण एकदा ऐकलेलं तो जसंच्या तसं म्हणून दाखवायचा. स्लाइडताई हे नाव हळूहळू मागे पडलं.

पण खाटेशी तपासणी झाली की उरलेला धडा व्हरांड्यात व्हायचा. पेशंटसमोर बोलायचं नाही ते तिथे बोलायचं. ऑपरेशन केव्हा करावं, केव्हा उशीर होतो. ती सांगायची, "हृदय इतकं फुगलं की ऑपरेशनची वेळ निघून जाते. ह्या पेशंटची निघून गेलीय."

"मग किती दिवस, मॅडम?" पोपटने एकदा विचारलं.

ती म्हणाली, "फार तर काही महिने. मूत्रपिंडं गेली की आठवडे."

मुलांनी लिहून घेतलं. तिने आवाज हलू दिला नाही. मग आत जाऊन वडिलांची चादर सारखी केली आणि म्हणाली, "पाणी चांगलं उतरतंय, बाबा." असं रोज चाललं. आपण काय करतोय हे तिला समजत नव्हतं असं नाही. रोज ती ठरवायची, आज सांगायचं. आणि रोज ते विचारायचे, "आज किती पोरं येणार?" इतक्या उत्साहाने, की ती पोरांचा आकडा सांगून मोकळी व्हायची.

परीक्षा आली. बाहेरगावचे परीक्षक येणार, आणि त्यांच्यापुढे मुलांनी एकेक पेशंट तपासून मांडायचा. धाकटी हेडसरांना म्हणाली, वडिलांना घरी नेते. सर तयार होते. वडीलच अडून बसले. पाय पुन्हा सुजले होते, बोलताना दम लागत होता, तरी म्हणाले, "पोरांची परीक्षा आहे. मी आयत्या वेळी पळून जाऊ?"

त्यांची खाट पोपटच्या वाट्याला आली. बाहेरचे परीक्षक खाटेच्या पायाशी उभे राहिले, शेजारी हेडसर, त्यांच्यामागे धाकटी. पोपट सुंदर बोलला. नाडी, नख, मान, छाती, एक खूण सुटली नाही. परीक्षकांनी विचारलं, "उपचार काय करशील?"

नियम असा की हा प्रश्न आला की सगळ्यांनी खाटेपासून बाजूला व्हायचं. पण परीक्षक घाईत होते, अजून बऱ्याच खाटा बाकी होत्या. पोपट परीक्षेच्या भरात होता. आणि धाकटीच्या तोंडातून शब्द फुटला नाही.

"ऑपरेशनचा विचार करणार नाही, सर. वेळ निघून गेलीय. फार तर काही महिने. पण ह्या पेशंटची मूत्रपिंडं गेलीयत, म्हणजे आठवडे. गोळ्या देऊन त्रास कमी करायचा, एवढंच हातात आहे."

"हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"मॅडमनी शिकवलंय, सर."

वडील पोपटकडे बघत होते. मग त्यांनी नजर फिरवली आणि परीक्षकांच्या, हेडसरांच्या खांद्यावरून मागे धाकटीला शोधलं. त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. मान मात्र ठोक्यागणिक हलत होती, हो, हो, हो. त्यांना ती थांबवता येत नव्हती.

पोपटला त्या परीक्षेत सगळ्यात जास्त गुण पडले.

परीक्षा आटपून सगळे गेल्यावर ती खाटेशी गेली. वडिलांनी तोंड खिडकीकडे केलं होतं.

"बाबा..."

"त्या पोराला ठाऊक होतं," ते म्हणाले. एकेक शब्द दमादमाने येत होता. "सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. रोज यायची, आजोबा आजोबा करायची. मी त्यांना गोष्टी सांगत होतो. आणि ती माझ्याकडे बघत होती ती मरणाऱ्याकडे बघावं तशी."

"मी सांगणार होते."

"केव्हा? तिरडीवर?"

तिने चादर सारखी करायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"जगाला शिकवलंस गं. मला तेवढं सांगितलं नाहीस. जा आता. आणि उद्यापासून कुणी मला हात लावायचा नाही. तूसुद्धा."

तिने राजीनामा लिहिला आणि हेडसरांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला नाही, उलटा ठेवला. "बाजूला व्हा म्हणायचं काम माझं होतं," ते डोळे मिटून म्हणाले. "पण त्याआधीचं काम तुमचं होतं. ते राजीनाम्याने होणार आहे का?" बाहेर पोपट उभा होता, चेहरा पांढराफटक.

"मॅडम, माझं काही चुकलं का?"

"नाही," ती म्हणाली. "एकही शब्द चुकला नाही." आणि त्याला तिथेच सोडून निघून गेली. त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, हे तिला पुढे पुष्कळदा वाटलं. त्या वेळी तिला तो डोळ्यांसमोर नको होता.

वडील तिच्याशी बोलेनात. सिस्टर औषधं देऊ लागल्या. ती वॉर्डात आली की ते डोळे मिटून घेत. आईला काही कळेना. "काय झालंय तुमच्यात? हे जेवत नाहीत, तू बोलत नाहीस." धाकटीने आईलाही सांगितलं नाही. जे एका खाटेशी जमलं नाही ते दुसरीकडे कुठून जमणार?

मग एका दुपारी सिस्टरने निरोप दिला, "वडील बोलावतायत." ती गेली. त्यांनी स्टुलाकडे बोट केलं.

"बस. आता मला शिकव."

"बाबा, काय..."

"त्या पोरांना सांगायचीस तसं. रडायचं नाही. रडलीस तर उठून जा."

तिने सांगायला सुरुवात केली. झडप म्हणजे काय, रक्त मागे कसं येतं, हृदय का दमलं. आवाज दोनदा फाटला, दोनदा ती थांबली आणि पुन्हा बोलू लागली. त्यांनी मध्येमध्ये प्रश्न विचारले. शेवटी गुदमरायला होईल का? होईल, पण त्यावर औषध आहे, मी ते देईन. शुद्ध असेल का? बहुतेक झोप वाढत जाईल. ऑपरेशन आधी केलं असतं तर?

"बरे झाला असतात," ती म्हणाली. "मी आधी बघायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले. "बघायला हवं होतंस." ते वाक्य त्यांनी परत घेतलं नाही, त्यावर मलमही लावलं नाही. मग म्हणाले, "मला घरी ने."

घरी ते आरामखुर्चीत उशांना टेकून बसू लागले. तिच्याशी बोलत, पण कामापुरतं. पाणी दे, खिडकी उघड, तो दिवा डोळ्यांवर येतोय. थोड्या दिवसांनी आई सकाळी आनंदाने धाकटीच्या खोलीत आली.

"अगं, ह्यांची मान थांबली! काल रात्रीपासून हलत नाहीये. गुण आला ना औषधाचा?"

धाकटीने जाऊन बघितलं. मान स्थिर होती. गळ्यातली शीर उडत नव्हती. नाडी बारीक, दोऱ्यासारखी. हिसका द्यायला आता हृदयात जोरच उरला नव्हता. हे ती वर्गात शिकवायची, खुणा नाहीशा झाल्या म्हणजे बरं झालं असं समजू नका. आई दारात उभी होती, तोंडावर हसू.

"आई, बस इथे," ती म्हणाली. या वेळी तिने थांबू दिलं नाही स्वतःला. सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे तुम्हा दोघांना माहीत होतं." एवढंच. ती उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली, आणि धाकटीसाठी त्या खोलीत जागा उरली नाही.

ते गेले तेव्हा धाकटी वर्गात होती. त्यांनीच तिला जायला सांगितलं होतं, "घरात घुटमळू नकोस." फोन वाजला, तो घ्यायला ती व्हरांड्यात गेली. ती आत आली, अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करता येईना, म्हणून तिने वर्ग सोडला. पोरं मुकाट्याने गेली. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

नोकरी राहिली. हेडसरांनी वर्षाअखेरीला बरं लिहिलं. ज्या केसवर आपण मास्तरीण झालो ती कुठली, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सकाळी पाय हॉस्पिटलकडे वळायचे नाहीत. बदली होते का, दुसरं काही मिळतं का, तिने बघितलं. मिळालं नाही. आई बोलायची, पण तिच्या बोलण्यात पूर्वीचं "तू आहेस म्हणून" पुन्हा आलं नाही.

आता नवी तुकडी घेऊन वॉर्डात गेली की ती मुलांना दाराबाहेर उभं करते आणि एकटीच खाटेशी जाते. पेशंटला विचारते, तुम्हाला काय झालंय असं सांगितलंय? बहुतेक वेळा कुणी काही सांगितलेलं नसतं. मग ती स्टूल ओढून बसते. यात खाटेशी शिकवायचा निम्मा वेळ जातो. मुलं घड्याळ बघतात, कुरकुरतात. इतर शिक्षकही कुरकुरतात, सगळ्यांनाच असं करायचं तर शिकवायचं कधी?

परवा एका बाईला तिने असंच सगळं सांगितलं. यकृताचा आजार, पुढे गेलेला. बाईंनी नीट ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"आता मुलं नकोत हो," त्या म्हणाल्या. "आज नकोत."

"बरं," ती म्हणाली. त्यांनी तिचा हात धरून ठेवला होता, तो सुटेपर्यंत ती बसून राहिली. मग बाहेर आली. मुलं भिंतीला टेकून उभी होती.

"केस नाही मिळाली, मॅडम?"

"नाही."

उरलेला वेळ तिने व्हरांड्यातच यकृताबद्दल काहीबाही सांगितलं. दाखवायला कुणी नव्हतं, तिचंही लक्ष लागत नव्हतं, धडा जेमतेमच झाला. वेळ संपल्यावर मुलं गेली आणि ती पुढच्या वॉर्डात, उद्या मुलांना कुठल्या खाटेशी नेता येईल ते विचारायला निघाली.